रोजच्या बोलण्यातले फ्रेजल व्हर्ब: कुठल्या क्रमाने शिकायचे आणि गाडी नेमकी कुठे अडते

ठाणे-वाशी लोकलच्या कुठल्याही डब्यात बघा, कुणा ना कुणाच्या मोबाइलमध्ये फ्रेजल व्हर्बची पीडीएफ सापडतेच. मराठी अर्थासहित, ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड केलेली. गेट अप म्हणजे उठणे, गेट ओव्हर म्हणजे सावरणे, गेट बाय म्हणजे भागवणे, अशी गेटची अख्खी वरात. दोन दिवस पाठांतर चालतं, तिसऱ्या दिवशी सगळ्याची खिचडी होते आणि ऐरोलीच्या ऑफिसात कॉल संपवताना तोंडातून परत 'आय ॲम कीपिंग द फोन' हेच बाहेर पडतं.

संध्याकाळी स्पोकन इंग्लिशची बॅच घेते त्यामुळे हे रोज बघते. मेहनत सगळेच करतात पण क्रम उलटा धरतात, आधी इंग्रजी यादी, मग मराठी अर्थ, आणि वाक्य बनवायचं शेवटी, वेळ उरला तर. खालचा क्रम आपल्या मराठी वाक्यापासून सुरू होतो. तसाच पाळा, मधली पायरी गाळली की पुढे अडतंच.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे काय हे एका ओळीत: साधं क्रियापद आणि त्याला चिकटलेला अप, ऑफ, आउट असा छोटा शब्द, दोघं मिळून बऱ्याचदा तिसराच अर्थ. लुक म्हणजे बघणं, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. एवढं कळलं की पुरे, व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवा.

## तयारी

एक वही, फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर आणि शिकणाऱ्यांसाठीची एक इंग्रजी डिक्शनरी, बास. केंब्रिज आणि लाँगमन दोन्हींच्या साइट फुकट आहेत. भाषांतराचं ॲप या कामाला घेऊ नका. त्यात नुसतं 'टर्न डाउन' टाकलंत तर एकच काहीतरी अर्थ पुढे येतो, आणि समोरचा टीव्हीचा आवाज कमी करायला सांगतोय की तुमचं स्थळ नाकारतोय हे त्या ॲपला कुठून कळणार.

मी इथे सगळं देवनागरीत लिहितेय पण तुम्ही वहीत इंग्रजी स्पेलिंगनेच लिहा, नाहीतर 'ऑफ' आणि 'ऑफ' यांचा घोळ होईल. एकात एक एफ असतो, दुसऱ्यात दोन. 'रन आउट ऑफ' मधला एक एफचा, 'टेक ऑफ' मधला दोन एफचा.

## १. आधी मराठी वाक्यं गोळा करा

दोन-तीन दिवस स्वतःच्या बोलण्याकडे कान ठेवा आणि रोज तोंडात येणारी २० मराठी वाक्यं लिहून काढा. इंग्रजीचा विचारही करायचा नाही अजून. साधारण अशी निघतात:

लिफ्ट परत बंद पडली. टाकीतलं पाणी संपलं. मी तुला घणसोली स्टेशनवरून घेतो. मीटिंग पुढच्या आठवड्यावर गेली. थांब, नंतर फोन करते. पोराला कोण सांभाळणार? त्या दोघींचं पटत नाही. आवाज तुटतोय तुझा. आज उठायलाच उशीर झाला.

वाक्यं लिहिताना एक गोष्ट बघा. आपण मराठीत दोन क्रियापदं जोडून बोलतो ना, फेकून दे, लिहून घे, निघून जा, शोधून काढ, खाऊन टाक, अशी जोडी जिथे येते तिथे इंग्रजीत बऱ्याचदा फ्रेजल व्हर्ब बसलेला असतो. थ्रो अवे, राइट डाउन, गो अवे, फाइंड आउट, ईट अप. दरवेळी नाही हं, 'विसरून जा' ला साधं फर्गेटच. पण शोधायला सुरुवात कुठून करायची त्याची ही चांगली खूण आहे.

चेक करा: यादीतलं प्रत्येक वाक्य गेल्या आठवड्यात तुम्ही खरंच बोललात का? पुस्तकी वाटतंय ते आत्ताच खोडा.

## २. मराठी वाक्याला इंग्रजी जोडीदार शोधा

ही पायरी सगळ्यात मोठी आहे, घाई करू नका. चुका बहुतेक इथेच होतात कारण आपण शब्दाला शब्द लावतो.

प्रवास. ट्रेन आणि बसमध्ये चढायचं 'गेट ऑन', उतरायचं 'गेट ऑफ'. रिक्षा, कार, टॅक्सीत बसायचं 'गेट इन', उतरायचं 'गेट आउट ऑफ'. लक्षात ठेवायची युक्ती म्हणजे ज्यात उभं राहून चालता येतं तिथे ऑन-ऑफ, वाकून बसावं लागतं तिथे इन-आउट (आपल्या ८:१२ च्या लोकलमध्ये चालता येतं का हा प्रश्न विचारू नका). 'आय विल गेट डाउन ॲट तुर्भे' आपल्याकडे सगळ्यांना कळतं, बाहेरच्या माणसाला मात्र 'गेट डाउन' म्हटलं की खाली वाक असं काहीतरी वाटतं. 'आय विल गेट ऑफ ॲट तुर्भे' म्हणा. स्टेशनवरून कुणाला घ्यायचं असेल तर 'पिक अप', सोडायचं असेल तर 'ड्रॉप ऑफ'.

फोन. इथे तर आपण मराठीच बोलतो, इंग्रजी शब्दात. फोन उचलला म्हणून 'पिक द कॉल', ठेवला म्हणून 'कीप द फोन'. उचलणं 'पिक अप', ठेवणं 'हँग अप', उलट फोन करणं 'कॉल बॅक', जरा थांब म्हणायचं तर 'होल्ड ऑन'. आवाज तुटत असेल तर 'यू आर ब्रेकिंग अप'. आणि लाइन आपोआप गेली तर 'वी गॉट कट ऑफ'. हे शेवटचं नक्की शिका, कारण 'ही कट द कॉल' म्हटलं की त्याने मुद्दाम कापला असा अर्थ निघतो आणि ऑफिसात विनाकारण वाजतं.

घर. पंखा बंद करायला 'क्लोज द फॅन' नाही आणि 'ऑफ द फॅन' पण नाही. 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ'. कपडे-चपला घालायची क्रिया 'पुट ऑन', काढायची 'टेक ऑफ'. 'वेअर' म्हणजे अंगात आधीपासून घातलेलं असणं. दारात उभं राहून पोराला 'वेअर युवर शूज' ओरडायचं नसतं, 'पुट ऑन युवर शूज' म्हणायचं.

सोसायटी. आता हे नीट बघा. मराठीत पाणी संपतं, माणूस बाजूलाच उभा असतो. इंग्रजीत माणूस पुढे येतो: 'वी हॅव रन आउट ऑफ वॉटर'. 'द वॉटर हॅज रन आउट' पण चुकीचं नाही, पण बोलताना पहिलं जास्त ऐकू येतं, आणि आपण म्हणतो 'वॉटर इज फिनिश्ड'. हाच प्रकार बऱ्याच ठिकाणी आहे. 'आमचं पटतं' मध्ये 'आमचं' आहे, इंग्रजीत 'वी गेट अलाँग'. 'मला हा आवाज सहन होत नाही' मध्ये 'मला' आहे, इंग्रजीत 'आय कान्ट पुट अप विथ धिस नॉइज'. 'शेवटी माझ्या लक्षात आलं' ला 'आय फायनली फिगर्ड इट आउट'. म्हणजे मराठी वाक्यात मला, माझं, आमचं दिसलं की आधी ते आय किंवा वी करून सुरुवातीला आणा आणि मग क्रियापद शोधा. हे एकदा हातात बसलं की निम्मी अडखळ जाते.

ऑफिस. पुढे ढकलणं 'पुट ऑफ', रद्द करणं 'कॉल ऑफ'. माझ्या बॅचमधल्या एका मुलाचा किस्सा सांगते, तुर्भ्याला कामाला होता. मीटिंगमध्ये क्लायंट म्हणाला 'कॅन वी पुट इट ऑफ?' आणि याने उठून प्रोजेक्टर बंद केला! मला म्हणतो, "मॅडम, घरी आम्ही लाइट पुट ऑफ करतो की." बरोबर आहे त्याचं, लाइटच्या बाबतीत चालतं ते, मीटिंगच्या बाबतीत अर्थ पूर्ण वेगळा. माहिती काढून बघतो ला 'लुक इन्टू', विचारून कळवतो ला 'गेट बॅक टू'. 'आय विल रिव्हर्ट' आपल्याकडच्या ईमेलमध्ये पसरलंय, पण बाहेर रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं, त्यापेक्षा 'आय विल गेट बॅक टू यू' सरळ आहे. फॉर्म भरणं ब्रिटिश लोक 'फिल इन' म्हणतात, अमेरिकन 'फिल आउट'. 'फिल अप' पेट्रोलच्या टाकीला ठेवा.

सावधान: लिफ्ट, गाडी, मशीन बंद पडली तर 'ब्रेक डाउन'. फोन पडून काच फुटली तर नुसतं 'ब्रेक'. उगाच डाउन जोडू नका. तसंच 'कोप अप विथ' असं काही नसतं, 'कोप विथ' एवढंच. 'रिटर्न बॅक' मधला बॅक पण फुकटचा.

## ३. त्यातले १० निवडा

जास्त नको. हजारो फ्रेजल व्हर्ब आहेत हे ऐकून घाबरायला होतं पण रोजच्या वापरातले फार कमी. मेलोडी गार्नियर आणि नॉर्बर्ट श्मिट या दोघा भाषा-अभ्यासकांनी २०१५ मध्ये सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या फ्रेजल व्हर्बची एक यादी प्रसिद्ध केली, त्यात १५० आहेत. म्हणजे दोन आठवड्यांना १० धरले तरी वर्षभरात त्यातले बरेचसे उरकतात.

निवडताना केंब्रिजच्या डिक्शनरीत शब्दाच्या अर्थाशेजारी ए२, बी१, बी२ असे पातळीचे छोटे शिक्के दिसतात ते बघा (ए सोपं, बी मधलं, सी अवघड). ए आणि बी वाले आधी, सी वाले नंतर.

एका फ्रेजल व्हर्बचा एकच अर्थ घ्या. 'टेक ऑफ' ला चपला काढणं घेतलंत तर विमान उडणं सध्या विसरा. आणि एकाच क्रियापदाचे पाच-सहा भाऊ एकदम घेऊ नका. ती पीडीएफवाली चूक आहे, आणि गेट बाय नि गेट ओव्हरमध्ये मग आयुष्यभर गल्लत होते.

चेक करा: १० पैकी प्रत्येकाच्या समोर पायरी १ मधलं तुमचं मराठी वाक्य आहे का? वाक्य नाही तर तो फ्रेजल व्हर्ब यादीत नाही.

## ४. मधे काय घुसतं ते ठरवा

क्लासमध्ये ही पायरी बहुतेक वेळा पटकन उरकतात, आणि बोलताना नेमकं हेच आडवं येतं.

'पिक अप द पार्सल' बरोबर, 'पिक द पार्सल अप' पण बरोबर. पण पार्सलच्या जागी 'इट' आलं की फक्त 'पिक इट अप'. 'पिक अप इट' चालत नाही. इट, हिम, हर, देम, मी, यू हे सगळे अशा क्रियापदात मधेच बसतात: टर्न इट ऑफ, कॉल हर बॅक, ड्रॉप मी ऑफ, थ्रो देम अवे.

पण सगळे फ्रेजल व्हर्ब असे फुटत नाहीत. 'लुक आफ्टर' फुटत नाही, 'लुक आफ्टर हिम' असंच म्हणायचं, 'लुक हिम आफ्टर' नाही. 'गेट ऑन द ट्रेन', 'लुक इन्टू इट', 'रन इन्टू हिम' पण तसेच (शेवटच्याचा अर्थ तो अचानक भेटला, धडकला असाच काही नाही). तीन शब्दांवाले तर जवळजवळ कधीच फुटत नाहीत: रन आउट ऑफ, पुट अप विथ, गेट बॅक टू. आणि काहींना पुढे काहीच लागत नाही: 'द लिफ्ट ब्रोक डाउन', विषय संपला.

कुठला फुटतो हे अंदाजाने ठरवू नका, डिक्शनरीत सरळ दिसतं. 'समथिंग' हा शब्द मधे छापला असेल तर फुटतो, शेवटी असेल तर नाही. लाँगमनमध्ये दोन्ही बाजूंना टोक असलेला बाण दिसला की दोन्ही प्रकारे चालतो असं समजायचं.

वस्तूचं नाव लांबलचक असेल तर मधे कोंबू नका. 'पिक अप द पार्सल दॅट केम फ्रॉम पुणे' म्हणा. मधे घातलंत तर अप येईपर्यंत ऐकणारा वाशीला पोचलेला असतो.

सावधान: 'लुक फॉरवर्ड टू' नंतर क्रियापदाला आयएनजी लागतो. 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'टू मीट यू' नाही. इंटरव्ह्यूनंतरच्या थँक्यू मेलमध्ये ही चूक हमखास असते.

चेक करा: फुटणारी सगळी वाक्यं दोनदा लिहा, एकदा वस्तूचं नाव घालून, एकदा इट किंवा देम घालून. दुसरं पटकन येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## ५. भूतकाळ लगेच, नंतर नाही

आपण रोज जे बोलतो त्यातलं निम्मं झालेल्या गोष्टींबद्दल असतं, तरी लोक फक्त मूळ रूप पाठ करतात. मग 'यस्टरडे द लिफ्ट ब्रेक डाउन' असं होतं. बदल नेहमी क्रियापदात होतो, छोट्या शब्दाला हात लावायचा नाही. ब्रेक डाउनचं ब्रोक डाउन, रन आउटचं रॅन आउट, वेक अपचं वोक अप, टेक ऑफचं टुक ऑफ, गिव्ह अपचं गेव्ह अप, हँग अपचं हंग अप, पिक अपचं पिक्ड अप. 'पुट ऑफ' चा भूतकाळ पुट ऑफच, पुटेड नावाचा शब्द इथे आणू नका.

'डिड' आलं की क्रियापद परत मूळ रूपात: 'शी डिडन्ट पिक अप', पिक्ड अप नाही. आणि 'माय मदर लुक्स आफ्टर हिम' मधला एस खाऊ नका.

## ६. मोठ्याने, जोडून

इंग्रजी बोलणारे तीन शब्द सुटे म्हणत नाहीत. पिक इट अप हे कानाला 'पिकिटप' लागतं, टेक इट ऑफ 'टेकिटॉफ', पुट इट ऑन 'पुटिटॉन'. सिरीजमध्ये असं आलं की आपल्याला वाटतं कुठला नवीन शब्द आहे, आणि असतो तोच आपला वहीतला. म्हणून बोलायचा सराव केला की ऐकणं पण सुधारतं.

जोर कुठे द्यायचा? फुटणाऱ्या जोडीत छोट्या शब्दावर, पिक इट अप, टर्न इट ऑफ. त्याचं नाम झालं की जोर पहिल्या भागावर जातो आणि लिहितानाही बहुतेक वेळा एकच शब्द होतो: ब्रेकडाउन, चेकआउट, लॉगिन. 'प्लीज लॉग इन' मध्ये दोन शब्द, 'युवर लॉगिन' मध्ये एक. ऑफिसच्या मेलमध्ये हे उलटसुलट लिहिलेलं रोज दिसतं.

दहाही वाक्यं रेकॉर्ड करा, लगेच ऐका. सुटी सुटी वाटली तर परत. ट्रेनमध्ये लाज वाटते तर ठाण्याच्या तलावपाळीला फेरी मारताना कानात इअरफोन घालून करा, लोकांना वाटेल फोनवर बोलतोय.

## ७. खऱ्या माणसाशी वापरा

आरशासमोर बोलणं ठीक आहे पण आरसा प्रश्न विचारत नाही. घरातला किंवा ऑफिसातला एक माणूस पकडा, बहीण, मैत्रीण, कुणीही चालेल, आणि रोज पाच मिनिटं फक्त यादीतल्या प्रसंगांवर बोला. नमुना:

– द लिफ्ट ब्रोक डाउन अगेन.
– डिड यू कॉल द टेक्निशियन?
– आय डिड, ही डिडन्ट पिक अप.
– कॉल हिम बॅक इन टेन मिनिट्स. अँड प्लीज टर्न ऑफ द पंप, वी आर रनिंग आउट ऑफ वॉटर.

एवढ्यात चार-पाच येऊन गेले आणि कुणी मुद्दाम कोंबलेत असं वाटत नाही. तुमचं तसं वाटत असेल तर समजा प्रसंगच बनावट आहे, दुसरा घ्या.

कुठे वापरायचे नाहीत तेही बघा. बोलताना आणि व्हॉट्सॲपवर बिनधास्त. ऑफिसच्या मेलमध्ये फॉलो अप, सेट अप, लुक इन्टू छान चालतात. पण बँकेला अर्ज, महापालिकेला तक्रार, नोटीस असं काही लिहिताना 'पुट ऑफ' ऐवजी 'पोस्टपोन', 'कॉल ऑफ' ऐवजी 'कॅन्सल' बरं दिसतं.

सावधान: 'आय पास्ड आउट इन २०१९' हे आपल्याकडे कॉलेज संपलं म्हणून चालतं. परदेशी क्लायंट किंवा इंटरव्ह्यू घेणारा असेल तर त्याला ऐकू येतं की तुम्ही २०१९ मध्ये बेशुद्ध पडलात. 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणा.

## ८. उजळणी, आणि पुढचे १० कधी घ्यायचे

उजळणी मराठीकडून इंग्रजीकडे करायची. वहीचं इंग्रजी पान हाताने झाका, मराठी वाक्य वाचा, मोठ्याने इंग्रजीत बोला. दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने एकदा, महिन्याने एकदा. इंग्रजी वाचून 'हां, माहितीय हे' म्हणणं ही उजळणी नाही, ओळखीचा चेहरा दिसला म्हणून नाव आठवतंच असं थोडंच आहे.

दोन आठवड्यांनी बघा, १० पैकी ७ तरी न अडखळता, भूतकाळासकट आणि 'इट' मधे घालून येतायत का. येत असतील तर नवे १० घ्या. नसतील तर नवीन काही घेऊ नका, अडलेल्या वाक्यांचा प्रसंग बदला. लिफ्टवरून जमत नसेल तर स्कूटर घ्या, 'माय स्कूटर ब्रोक डाउन ऑन घोडबंदर रोड', हे बोलायची वेळ कधीतरी येतेच.

जुन्या फ्रेजल व्हर्बचा दुसरा अर्थ घ्यायचा असेल तर तो नव्या १० मधला एक म्हणून मोजा, त्याला नवीन मराठी वाक्य लावा आणि पायरी ४ परत करा. कारण अर्थ बदलला की फुटणं बदलू शकतं: चपला 'टेक देम ऑफ' होतात, पण विमान नुसतं 'टेक्स ऑफ', तिथे मधे काही घालायला जागाच नाही.